वर पायांनी, खाली लिफ्टने

गुडघ्याने पहिला दगा दिवाळीत दिला. चकलीचा डबा वरच्या फळीवरून काढून मी स्टुलावरून खाली उतरले आणि उजव्या गुडघ्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. डबा मात्र सोडला नाही. दोन मिनिटं ओट्याला टेकून उभी राहिले, मग बाहेर जाऊन सगळ्यांना चकल्या वाढल्या आणि कुणाला काही बोलले नाही. दुखणं अंगावर काढण्यात माझा हात धरणारं अजून कुणी मला भेटलेलं नाही. एकशे दोन ताप अंगावर घेऊन मी शाळेच्या अॅडमिशन्सचा अख्खा आठवडा काढलेला आहे.

पण या वेळी गप्प बसायला कारणही होतं. नेमक्या त्याच आठवड्यात आमचं आल्प्सचं ठरलं होतं.

मी दुबईत, ऊद मेथा भागातल्या एका भारतीय शाळेच्या ऑफिसात काम करते. नवरा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. मुलगी एकच, इथेच जन्मलेली. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा आमच्या घरचा रिवाज. बारावी झाली की सप्टेंबरात ती कॅनडाला शिकायला जाणार होती. एकदा बाहेर पडलेलं पोर घरी येतं ते सुट्टीपुरतं, हे मला कुणी सांगायला नको. मी स्वतः नाशिक सोडलं त्याला चोवीस वर्षं झाली. म्हणून जायच्या आधी एक मोठी ट्रिप एकत्र करायची होती, आणि कुठे जायचं ते तिने ठरवायचं होतं.

तिने ठरवलं ते हे. आल्प्समधल्या एका मोठ्या डोंगराला पायी प्रदक्षिणा घालायची. दहा दिवस, तीन देश. रोज सकाळी एक खिंड चढायची, साधारण हजार मीटर, दुपारी तेवढंच पलीकडे उतरायचं आणि डोंगरातल्या लॉजमध्ये सगळ्यांबरोबर ओळीने झोपायचं. आमच्याबरोबर नवऱ्याचा एक मित्रही यायचा होता. तो वसईचा, इथल्या एका हॉटेलात बँक्वेट सांभाळतो. आम्ही त्याला वसईकरच म्हणतो. लग्न केलेलं नाही, त्यामुळे प्रत्येक सण आमच्याकडे आणि प्रत्येक नाताळ आम्ही त्याच्याकडे.

गुडघ्याचं कळलं असतं तर नवऱ्याने दुसऱ्या दिवशी ट्रिप बदलली असती. मग आम्ही केरळला गेलो असतो, हाउसबोटीत बसून मासे खाल्ले असते, आणि मुलगी सतत फोनमध्ये डोकं घालून बसली असती. मला हाउसबोट नको होती. मला दहा दिवस तिच्या मागून चालायचं होतं. तिची पाठ, तिची वेणी, तिची सॅक डोळे भरून बघायची होती. एवढंच हवं होतं आणि त्यासाठी मी खोटं बोलायला तयार होते.

आता दुबईत डोंगराची तयारी करायची कुठे? इथे चढ नाही, मजले आहेत. आमची इमारत शारजाच्या हद्दीजवळ, चौतीस मजल्यांची. मी टीमची कॅप्टन, म्हणजे माझी मीच झालेली. फायर एक्झिटच्या जिन्याने आठवड्यातून चार दिवस, पहाटे पाचला, चौघांनी तीन फेऱ्या मारायच्या, असं ठरवलं. फ्रिजवर तक्ता लावला. आणि एक नियम केला: वर पायांनी, खाली लिफ्टने.

"उतरण्यात कसली आलीय मेहनत? उगाच वेळ जातो," मी सगळ्यांना सांगितलं. पावणेसातला मला शाळेत पोचायचं असतं, हे खरंच होतं. पण खरं कारण निराळं. चढताना गुडघा मुकाट्याने चालायचा. उतरताना पहिल्याच पायरीला कळ यायची. लिफ्टचा नियम मी माझ्या गुडघ्यासाठी केला आणि तिघांच्या गळ्यात मारला.

आमच्या इमारतीचा राखणदार, इथे त्याला नातूर म्हणतात, एक वयस्क मलयाळी होता. आम्ही घामाघूम होऊन लिफ्टमधून बाहेर पडायचो आणि लगेच परत जिन्याकडे वळायचो, ते तो रोज बघायचा. एक दिवस न राहवून म्हणाला, "मॅडम, उधर पहाड से उतरना भी तो पडेगा ना?"

"चाचा, उधर का उधर देखेंगे," मी म्हणाले. त्याने मान हलवली आणि आपला कारंज्याचा पाइप धुवायला गेला.

नियम मोडायचा तो एकटा नवरा. चौतिसाव्या मजल्यावर लिफ्ट आली की हा म्हणायचा, "तुम्ही व्हा पुढे," आणि परत जिन्याच्या दाराकडे जायचा. आम्ही खाली जाऊन पाणी पिऊन, बूट सैल करून परत बांधून तयार, तरी याचा पत्ता नसायचा. मग हळूहळू उतरत यायचा, पायाकडे बघत, काहीतरी मोजल्यासारखा.

"अहो, तुमच्यामुळे माझी तिसरी फेरी रोज बुडते," मी करवादायचे.

"वहिनी, साहेबांना लिफ्टचं भाडं पडतं वाटतं," वसईकर म्हणायचा. मुलगी हसायची. नवरा काही बोलायचा नाही. त्याचं हे न बोलणं माझ्या डोक्यात जातं, लग्नाच्या पहिल्या वर्षापासून जातं.

मधेच त्याने चालायच्या काठ्या आणल्या, एक जोडी. प्रत्येकाला एकेक जोडी घेऊ म्हणाला. मी किंमत बघितली. "दोनशे दिराम? म्हणजे पाच हजार रुपये झाले, दोन काठ्यांचे? म्हाताऱ्यांना लागतात काठ्या." विषय तिथेच संपला. टीममध्ये काठ्यांची जोडी एकच राहिली, त्याची.

मुलीची परीक्षा एप्रिलपर्यंत लांबली. त्यामुळे खऱ्या डोंगरावरची आमची एकमेव तालीम पडली एप्रिलच्या एका शनिवारी. रास अल खैमाचे डोंगर, घरापासून गाडीने दीड तास. आणखी दोन आठवड्यांनी तिथे शहाणा माणूस फिरकत नाही, इतकं ऊन होतं. पण आम्ही हिशेब मांडला होता. साडेपाचला चढायला लागायचं, दहाला माथ्यावर, एकच्या आत गाडीत. प्रत्येकाकडे चार लिटर पाणी, आणि गाडीत कूलरमध्ये आणखी दहा.

चढताना मी सगळ्यांत पुढे होते. हे मी आजही सांगते, कारण त्या दिवसातलं सांगण्यासारखं माझ्याजवळ एवढंच आहे. वाट जुन्या डोंगरी लोकांनी बांधलेली. दगडाच्या मोडक्या पायऱ्या, मधेच सोडून दिलेल्या शेतांचे टप्पे, छप्पर नसलेली बुटकी दगडी घरं, आणि कुणाच्या तरी शेळ्या. बाराशे मीटर चढलो आणि माझा श्वासही फारसा वाढला नाही. "यल्ला, यल्ला, चला लवकर," मी मागे वळून ओरडत होते. मुलगी म्हणाली, "मॉम, यू आर अ मशीन." ते ऐकून मी इतकी फुशारले की विचारू नका. माथ्यावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, समुद्र बघितला, फोटो काढले.

उतरायला लागलो तेव्हा सव्वादहा झाले होते. माथ्याखाली दहा मिनिटांवर डोंगराचा एक खांदा आहे. तिथपर्यंत फोनला रेंज येते, त्यानंतर थेट खाली गाडीपाशी. त्या दहा मिनिटांतच मला कळून चुकलं होतं. प्रत्येक पावलाला गुडघ्याच्या वाटीखाली कुणी चमचा घालून उचकटतंय असं वाटत होतं. मी बूटात खडा गेलाय म्हणून दोनदा थांबले आणि दोनदा रिकामा बूट झटकला.

खांद्यावर नवरा माझ्यासाठी थांबला होता. बाकीचे दोघे थोडे पुढे.

"पाय दुखतोय का?" त्याने विचारलं.

"नाही."

"खरं सांग. इथे रेंज आहे. इथून फोन केला तर मदत येईल. पुढे नाही लागणार."

मदत म्हणजे पोलिसांचं हेलिकॉप्टर. मग सगळ्यांना कळणार, डॉक्टर, एक्स-रे, आणि खलास, आल्प्स संपलं. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मला काय धाड भरलीय? चला आता, ऊन चढतंय." आणि त्याच्या पुढून निघून गेले.

पुढचा तासभर मी दात खाऊन चालले. पण गंमत अशी की नुसती मीच रखडत नव्हते. वसईकराच्या मांड्या थरथरायला लागल्या होत्या, तो दर पाच मिनिटांनी दगडाला टेकत होता आणि गळ्यातल्या पदकाला हात लावत होता. मुलगी घसरट वाळूवर फतकल मारल्यासारखी बसून उतरत होती. चढायला घोड्यासारखी ताजी असलेली पोरगी, तिचे पाय उतारावर तिला ऐकतच नव्हते. चार महिने ती जिने चढली होती आणि एकदाही उतरली नव्हती. सरळ पाय टाकत होता तो फक्त नवरा. तेव्हा मात्र मला नातूर आठवला.

साडेअकराला ऊन पाठीवरून डोक्यावर आलं. निम्मा डोंगर अजून खाली होता. तिथे वाट एका घळीच्या कडेने जाते, फार अरुंद नाही, पण वर सगळे सुटे दगड. मुलगी माझ्या दहा पावलं पुढे होती. तिने पाय टाकला, मांडी थरथरली, मला मागून स्पष्ट दिसली थरथरताना, आणि तिच्या पायाखालचे दगड सरकले.

ती कडेच्या बाजूला गेली. ओरडली नाही. दोन्ही हातांनी जमीन ओरबाडत घसरली आणि तिचे पाय कडेच्या बाहेर गेले. वसईकराने स्वतःला आडवं टाकून तिच्या सॅकचा पट्टा पकडला. मी धावले. धावले म्हणजे एक उडी मारली उजव्या पायावर, गुडघ्यात काहीतरी सरकल्याचं जाणवलं आणि मी तोंडावर पडले. तिच्यापर्यंत पोचलेच नाही. तिला दोघा पुरुषांनी वर ओढलं आणि मी सात-आठ फुटांवर पडून नुसती बघत होते.

तिचे तळवे सोलवटले होते, हनुवटीवर रक्त होतं. बाकी हाडं जागच्या जागी. "आय एम फाइन, आय एम फाइन," ती म्हणत होती आणि दातावर दात आपटत होते तिचे, त्या उन्हात. मला उठायचं होतं, तिला जवळ घ्यायचं होतं. उठता आलं नाही. पाय टेकला की खालून निघून जात होता.

नवऱ्याने आधी तिचे हात धुतले, मग माझ्याकडे आला. आमच्याकडे मिळून पाच लिटर पाणी उरलं होतं, चौघांत. त्याने तीन मिनिटांत ठरवलं. वसईकराने मुलीला घेऊन सावकाश खाली जायचं, बसत बसत गेलात तरी चालेल, तीन लिटर तुम्ही घ्या. गाडीपाशी पोचलात की तिला एसीत बसवायचं, पोलिसांना फोन करायचा आणि जमलं तरच पाणी घेऊन वर यायचं.

"आणि वहिनी?" वसईकराने विचारलं.

"तिला मी आणतो. खाली ते बोरीचं झाड दिसतंय ना, दगडी घराजवळ? तिथे सावली आहे. तिथपर्यंत आणतो."

मुलगी जाताना माझ्याजवळ आली. तिच्या चेहऱ्यावर भीती होती आणि राग होता. मी तिची पाठ बघत राहिले, सॅक, वेणी, सगळं. वळणापलीकडे जाईपर्यंत.

मग आम्ही दोघंच उरलो. मी म्हणाले, "तुम्ही पण जा तिच्याबरोबर. मी बसते इथे. मदत येईल तेव्हा येईल." मला खरंच तसं वाटत होतं. माझ्यामुळे पोर कड्यावरून जात होती, मला तिथे उन्हात बसवलं असतं तरी तक्रार नव्हती.

त्याने सॅकच्या तळातून एक चपटी पिशवी काढली, पिशवीतून काळा पट्टा.

"हे काय?"

"गुडघ्याचा ब्रेस. पाय सरळ कर."

"कुणाचा?"

"तुझा. मीडियम. आधी लार्ज आणला होता, मग बदलून घेतला."

मला काही सुधरेना. "कधी आणलात?"

"दिवाळीनंतर लगेच." त्याने पट्टा गुडघ्याखालून घेतला. "तू दुपारी झोपली होतीस तेव्हा टेपने माप घेतलं."

दिवाळीपासून. म्हणजे चौतीस मजल्यांच्या त्या सगळ्या पहाटा, तो ब्रेस त्याच्या सॅकमध्ये होता. मी त्याला रोज सगळ्यांसमोर घालूनपाडून बोलत होते आणि तो माझा गुडघा पाठीवर घेऊन जिना उतरत होता. मला रडू फुटलं आणि त्याहून जास्त संताप आला.

"मग बोललात का नाही? इतके महिने? तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"विचारलं की. तू भिंत धरून चालायचीस, मी विचारायचो काय झालं. तू म्हणायचीस काही नाही. आज वर पण विचारलं."

"मी नाही म्हणाले म्हणून गप्प बसायचं? दोन थोबाडीत द्यायच्या होत्या. पोरगी पडली ना आपली."

तो पट्टा आवळायचा थांबला. "हो," तो म्हणाला. "चुकलंच माझं. मला वाटलं, तूच सांगशील कधीतरी. आणि नाहीच सांगितलंस तर उतरवू आपण हिला, म्हणून उतरायला शिकलो. एका फिजिओथेरपिस्टला विचारून घेतलं. पण तिचं माझ्या लक्षातच आलं नाही. फक्त तुझंच बघत बसलो."

त्याने दोन्ही काठ्या माझ्या डाव्या हातात दिल्या, स्वतः माझ्या एक पायरी खाली उभा राहिला आणि माझा उजवा हात आपल्या खांद्यावर ठेवला. "दुखरा पाय आधी खाली. उजवा. मग डावा. मी म्हणेन तेव्हाच."

"उजवा," तो म्हणायचा. मी टाकायचे. "डावा." असे दोन तास. दर वीस पावलांना थांबायचं, एक घोट पाणी, घोटच, तो बाटलीवर बोट ठेवून दाखवायचा कुठपर्यंत. माझं तोंड सुकून जीभ टाळ्याला चिकटत होती. तो स्वतः पितच नाही हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी बसकण मारली आणि म्हणाले, तुम्ही प्यायल्याशिवाय मी हलत नाही. तो प्यायला. खाली दरीत गाडी दिसते का ते मी सारखी बघत होते. दरीत नुसतं पांढरं ऊन होतं. पोर पोचली असेल का, परत घसरली असेल का, त्या वळणावर दगड होते का सुटे, डोक्यात दुसरं काही नव्हतं. त्याच्याही नव्हतं. एकदा "उजवा" म्हणायच्या ऐवजी त्याने तिचं नाव घेतलं आणि दोघंही थांबलो.

बोरीच्या झाडाखाली पोचलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. पाणी बाटलीच्या तळाला गेलं होतं. सावलीत दोन शेळ्या बसल्या होत्या, त्या उठल्या नाहीत. आम्ही त्यांच्याशेजारी बसलो. मी त्याचा हात धरून बसले होते, आणि तो खालच्या वाटेवरची नजर काढत नव्हता.

पाऊण तासाने वसईकराची टोपी दिसली. पाठीवर सहा लिटर पाणी, लालभडक चेहरा, दोन-दोन पावलांना थांबत येत होता. लांबूनच त्याने हात वर करून अंगठा दाखवला. पोर गाडीत होती. नवरा तिथेच बसल्या बसल्या टॉवेलमध्ये तोंड घालून रडला. लग्नाच्या पंचवीस वर्षांत मी त्याला रडताना बघितलं नव्हतं.

पोलिसांची माणसं साडेतीनला खालून चढत आली, दोन तरुण अमिराती पोरं. मला दोघांनी मिळून हातांची खुर्ची करून उतरवलं. इकडे आईला मामा म्हणतात; त्यातला एक सारखं म्हणत होता, "मामा, नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम." मी त्याच्या गळ्याला हात घालून बसले होते, कॅप्टनबाई.

परतताना गाडी वसईकर चालवत होता. मुलगी माझ्याशेजारी मागे, तळव्यांना बँडेज, खिडकीकडे तोंड. शेवटी मीच म्हणाले, "मला दिवाळीपासून गुडघ्याचा त्रास आहे. मी तुमच्यापासून लपवलं. तो लिफ्टचा नियम त्याच्यासाठी होता."

"वी नो, मॉम," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"यू होल्ड द वॉल. यू होल्ड द फ्रिज. एव्हरीवन नोज." मग ती माझ्याकडे वळली, डोळे भरलेले. "तुझ्या नियमामुळे माझे पाय शेक होत होते. आय कुड हॅव डाइड. अँड यू स्टिल सेड यू आर फाइन." तिच्या तोंडून एक वाक्य मराठीत आलं, ते रागाने आलं होतं. मी मान खाली घातली. माफी मागितली, सरळ शब्दांत. तिने लगेच माफ केलं नाही, पण डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं.

बर दुबईच्या क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी एमआरआय बघितला. गादी झिजली होती, थोडी फाटली होती, ऑपरेशनची घाई नव्हती. अडीच महिने व्यायाम करा, मग डोंगर चढायला हरकत नाही, म्हणाले, पण उतार टाळा. मी म्हटलं झालं, चढ आहे तिथे उतार असणारच, तुम्ही तिघं जाऊन या. आणि मनापासून म्हटलं. त्या रविवारी मुलगी नकाशा घेऊन बसली, बराच वेळ काहीतरी खुणा करत होती. मग म्हणाली, "मॉम, दे हॅव लिफ्ट्स."

होते खरे. आल्प्समध्ये निम्म्याहून जास्त उतारांना कुठे रोपवे, कुठे खालच्या गावापर्यंत बस. फ्रिजवरचा तक्ता तिने फाडला आणि नवा लावला. जिना चढायचा आणि उतरायचाही, तिघांनी. मी चढायचं आणि लिफ्टने यायचं. नातूरने ते बघितलं आणि पहिल्यांदा हसला.

जुलैमध्ये आम्ही ती प्रदक्षिणा पुरी केली. मी खिंडी चढले, सगळ्या. उताराला रोपवेत बसले, खालच्या स्टेशनवर कॉफी घेऊन या तिघांची वाट बघत राहिले, आणि वाट बघणं काय असतं ते मला तिथे चांगलं कळलं. तीन दिवस मात्र असे होते की रोपवेही नव्हता, बसही नव्हती. त्यातला शेवटचा नवव्या दिवशी. धुकं, पावसाने भिजलेली वाट, पलीकडे साडेसहाशे मीटर उतार. ब्रेस बांधला, दोन्ही काठ्या घेतल्या, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वसईकर पुढे वाट तपासत गेला. मुलगी आपल्या नव्या काठ्या घेऊन माझ्या मागून येत होती. दहा दिवस तिची पाठ बघायची म्हणून मी हा सगळा उपद्व्याप केला होता आणि आता तिला माझी पाठ दिसत होती. तिच्या काठ्यांचा आवाज मागून येत होता, तेवढ्यावर मी चालत होते.

अर्ध्या उतारावर मी थांबले.

"दुखतंय," मी म्हणाले.

नवरा वळला. "किती?"

"बरंच."

मागून मुलीच्या काठ्या थांबल्या. "मग बसू ना जरा," ती म्हणाली. आम्ही तिथेच ओल्या दगडांवर बसलो. तिने पाण्याची बाटली काढून आधी माझ्या हातात दिली.